काडतुसाचे माप आणि गेजचा निवाडा

‘गेज’ हा शब्द मराठी माणसाला प्रथम भेटतो तो रेल्वेच्या संदर्भात. ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील १,६७६ मिलिमीटरांचे अंतर, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्याचा बंदुकीशी थोडाफार संबंध आला आहे त्याला ‘बारा बोर’ हा शब्दप्रयोग परिचित असतो. या बंदुकीच्या नळीचा व्यास इंचात किंवा मिलिमीटरात सांगत नाहीत. त्या व्यासाच्या शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात किती बसतात ते सांगतात. बारा गोळ्या बसल्या तर बारा बोर. इंग्रजीत या आकड्यालाही गेज असेच म्हणतात. याच शब्दाचा तिसरा अर्थ मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेर फारसा कोणाला माहीत नसतो. तेथे गेज म्हणजे कठीण पोलादाचा, अचूक घासून तयार केलेला एक तुकडा. त्यावर मापपट्टीसारख्या रेघा नसतात आणि काटाही नसतो. तयार झालेली वस्तू त्यात घालून पाहावयाची. ती गेली की अडली, एवढेच ते सांगते. या प्रकरणात आपण या तिसऱ्या गेजचा, आणि विशेषतः काडतुसाच्या तपासणीत त्याचा उपयोग कसा होतो याचा, विचार करणार आहोत.

मोजणे आणि पारखणे

आरंभी एक मोठे आणि सर्वांच्या पाहण्यातले उदाहरण घेऊ. छत्तीसगडमधील भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झाला. फेब्रुवारी १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि १९६० साली रूळ तयार करणारी रोलिंग मिल. कारखान्यासाठी जे नगर वसले त्याचाच एक भाग म्हणजे रिसाली. आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. रिसालीत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची चूल या कारखान्यावर चालत आली आहे. तेथे तयार झालेला रूळ देशात कोठेही, सह्याद्रीच्या घाटात किंवा राजस्थानच्या वाळूत, टाकला जातो. जेथे दोन रूळ बोल्टांनी जोडावयाचे असतात तेथे त्यांच्या दोन्ही बाजूंना फिशप्लेट नावाच्या पोलादी पट्ट्या बसवतात. ही पट्टी रुळाच्या माथ्याखाली आणि पायथ्याच्या वर, दोन तिरप्या पृष्ठभागांमध्ये पाचरीसारखी बसावी लागते. ती पट्टी भिलाईत झालेली नसते. तिचा कारागीर निराळा आणि कारखानाही निराळा. तरीही शेकडो कोस दूर, रात्रीच्या वेळी, गँगमनने हातातली कोणतीही पट्टी उचलून कोणत्याही रुळाला लावली तरी ती बसली पाहिजे.

हे कसे साधते? प्रत्येक माप तंतोतंत साधणे हा त्याचा मार्ग नव्हे, कारण तंतोतंत असे काही कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. साठ किलो वर्गातील रुळाची उंची १७२ मिलिमीटर ठरलेली आहे. परंतु तप्त पोलाद रुळांतून लाटले जाते, थंड होताना आकसते, लाटणारे रोल झिजतात. म्हणून प्रत्येक मापाला थोडी मुभा दिलेली असते. कारखान्याच्या भाषेत तिला टॉलरन्स म्हणतात. या रुळाच्या उंचीला वरच्या बाजूस ०.८ आणि खालच्या बाजूस ०.४ मिलिमीटर एवढी मुभा आहे. या दोन मर्यादांच्या आत जो रूळ आहे तो चांगला, बाहेर आहे तो नापास. १७२ पासून तो नेमका किती दूर आहे, हे जाणण्याची फिशप्लेटला गरज नसते.

येथे गेजचे मर्म स्पष्ट होते. मोजणे आणि पारखणे या दोन भिन्न क्रिया आहेत. मोजण्यातून संख्या मिळते. पारखण्यातून निर्णय मिळतो. मोजणाऱ्याला उपकरण वाचता यावे लागते, त्याचा डोळा थकतो, आकडा लिहिताना चूक होते. पारखणाऱ्याला केवळ ‘गेले’ किंवा ‘अडले’ एवढेच पाहावयाचे असते. म्हणून मर्यादा तपासणाऱ्या गेजला दोन बाजू असतात. पहिली ‘गो’: ती वस्तूवर सहज गेलीच पाहिजे. दुसरी ‘नो गो’: ती जाता कामा नये. दोन्ही प्रश्नांची उत्तरे योग्य आली तरच वस्तू पास. आधुनिक रोलिंग मिलमध्ये रुळाचा छेद प्रकाशकिरणांनी तपासला जातो, पण त्या यंत्रालाही शेवटी विचारले जाते ते हेच दोन प्रश्न.

बंदुकीपासून सुरुवात

ही कल्पना रुळांच्या नव्हे, तर बंदुकीच्या कारखान्यात जन्मली. अठराव्या शतकापर्यंत प्रत्येक बंदूक हा एका कारागिराचा स्वतंत्र उद्योग होता. एका बंदुकीचा मोडलेला खटका दुसऱ्या बंदुकीत बसत नसे. तो कानशीने घासून बसवावा लागे. रणांगणावर ही मोठीच अडचण होती. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां नावाच्या कारागिराने एकसारख्या भागांची चापयंत्रणा तयार करून दाखवली. अमेरिकेचे तेव्हाचे वकील थॉमस जेफर्सन यांनी १७८५ साली पॅरिसमध्ये त्याच्या ढिगातून हाती येतील ते भाग उचलून काही यंत्रणा स्वतः जोडून पाहिल्या आणि त्या जुळल्या. पुढे अमेरिकेतील सरकारी शस्त्रागारांनी हा मार्ग नेटाने चालवला आणि इंग्लंडने १८५० नंतरच्या दशकात एनफिल्ड येथील कारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे आणि ती पद्धत दोन्ही आणली. प्रत्येक भागासाठी एक गेज, आणि प्रत्येक गेजसाठी तिजोरीत ठेवलेले एक मूळ गेज, अशी ती व्यवस्था होती.

दारूगोळ्याला मात्र तोवर एवढ्या काटेकोरपणाची निकड भासली नव्हती. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा किंचित लहान असली तरी कापडाच्या चिंधीने भागत असे. दारू, गोळी आणि टोपी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या भरल्या जात. १८६६ साली ब्रिटिश सैन्याने स्नायडर रायफल स्वीकारली आणि धातूच्या पुंगळीचे काडतूस रूढ झाले. आता दारू, गोळी आणि आग लावणारा प्रायमर हे सर्व एकाच पुंगळीत आले. पुंगळी नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबर नावाच्या पोकळीत बसते आणि तिच्या मागून बोल्ट बंद होतो. स्फोटाच्या क्षणी मागच्या बाजूने वायू निसटू न देण्याचे काम पितळेची ही पातळ पुंगळीच करते. यामुळे काडतुसाचे माप हा केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाही. तो नेमबाजाच्या डोळ्याचा आणि हाताचा प्रश्न झाला.

याच काळात, १८६९ साली, पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तेथील काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे उमटवलेली दिसतात. खडकीच्या जुन्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे होत. १९६२ च्या युद्धानंतर जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या काडतुसांचा दुसरा कारखाना निघाला. रायफली मात्र तयार होत बंगालमध्ये, ईशापूरला. दोन्हींमध्ये दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. २०२१ साली सरकारी आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा खडकी आणि वरणगाव एका कंपनीकडे गेले आणि ईशापूर दुसऱ्या कंपनीकडे. भिलाईच्या रुळाची आणि परठिकाणच्या फिशप्लेटची जी गोष्ट, तीच येथेही आहे. वरणगावच्या कामगाराने ईशापूरचा कामगार कधी पाहिलेला नसतो, तरीही एकाचे काडतूस दुसऱ्याच्या चेंबरमध्ये अचूक बसते. या दोघांमधील अलिखित करार ज्या वस्तूत साठवलेला असतो ती वस्तू म्हणजे गेज होय.

काडतूस कशावर थांबते?

चेंबरमध्ये सरकवलेले काडतूस कोठेतरी थांबले पाहिजे. ते कशावर थांबते हे काडतुसाच्या घडणीवर अवलंबून असते, आणि गेज कोणते वापरावे हेही त्यावरूनच ठरते.

भारतीय पोलिसांच्या खांद्यावर कित्येक पिढ्या दिसलेली पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल घ्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी ती २०२० साली सेवेतून काढली, यावरून तिचे दीर्घायुष्य लक्षात यावे. हिच्या काडतुसाच्या बुडाला थाळीच्या काठासारखी बाहेर आलेली कड असते. ही कड नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि काडतूस थांबते. म्हणजे बोल्टचे मुख आणि नळीचे मागचे तोंड यांमध्ये जी फट राहते तिच्यात ही कड मावली पाहिजे. या फटीला हेडस्पेस म्हणतात. या काडतुसाच्या कडेची जाडी जास्तीत जास्त ०.०६४ इंच, म्हणजे १.६३ मिलिमीटर, असते. रायफलीतील फट त्याहून कमी असून चालत नाही आणि ०.०७४ इंच, म्हणजे १.८८ मिलिमीटर, याहून जास्त असूनही चालत नाही. शस्त्रागारातील मिस्त्री या दोन जाडीच्या चकत्या ठेवतो. पहिली घालून बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसरी घालून तो बंद होता कामा नये. झिजलेल्या रायफलीत दुसऱ्या चकतीवरही बोल्ट बंद होऊ लागला की ती दुरुस्तीला जाते. चौथ्या नमुन्याच्या रायफलीत तर यासाठी बोल्टच्या पुढच्या सुट्या तुकड्याचे शून्य ते तीन असे चार लांबीचे क्रमांकच ठेवलेले होते.

नंतरच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नाही. हे काडतूस बाटलीच्या आकाराचे असते आणि त्याचा तिरपा खांदा चेंबरमधील तशाच तिरप्या खांद्यावर टेकतो. खांदा तिरपा असल्यामुळे माप नेमके कोठून घ्यावे असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर असे शोधण्यात आले की, खांद्यावर ज्या ठिकाणी व्यास बरोबर १०.१६ मिलिमीटर आहे तेथे एक काल्पनिक वर्तुळ कल्पावे आणि बुडापासून त्या वर्तुळापर्यंतचे अंतर मोजावे. याच जातीच्या पॉइंट थ्री झीरो एट या क्रीडा-काडतुसाच्या चेंबरसाठी ‘गो’ गेजची लांबी ४१.४० मिलिमीटर आहे आणि ‘नो गो’ची ४१.५० मिलिमीटर. या दोहोंतला फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे साध्या कागदाच्या एका पानाच्या जाडीएवढा आहे. लष्करी चेंबरच्या मर्यादा याहून थोड्या सैल असतात. म्हणून एका जातीचे गेज दुसऱ्या जातीच्या शस्त्राला लावून निर्णय देणे चुकीचे ठरते.

हे अंतर जास्त झाले तर काय होते? घोडा ओढताच फायरिंग पिनच्या धक्क्याने काडतूस पुढे ढकलले जाते आणि बुडामागे फट पडते. दारू पेटते, दाब साडेतीन ते चार हजार वातावरणांपर्यंत चढतो. पुंगळीच्या पुढच्या पातळ भिंती चेंबरला घट्ट चिकटतात. मागचे जाड बूड मात्र त्या फटीतून मागे सरकून बोल्टवर आदळते. या ओढाताणीत बुडाच्या किंचित वरचे पितळ ताणले जाऊन पातळ होते. पहिल्या वेळी कदाचित काहीच दिसत नाही. तीच पुंगळी पुन्हा वापरली तर तेथे चकाकती रेघ उमटते. त्यानंतर कधीतरी पुंगळीचे दोन तुकडे होतात, आणि जो वायू गोळीमागे जावयाचा तो बोल्टच्या फटींतून नेमबाजाच्या तोंडावर येतो.

हाताने भरलेले काडतूस

‘तीच पुंगळी पुन्हा वापरली तर’ असे वर म्हटले आहे. युरोप-अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी झाडलेली पुंगळी पुन्हा घडवून, नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी घालून स्वतः काडतुसे भरतात. पुंगळीचे पितळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचे असते. ते लवचीक असल्याने अनेक वेळा वापरता येते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. परवान्याशिवाय घरी काडतुसे भरणे हा गुन्हा आहे. शिवाय सर्वच काडतुसे पुन्हा भरता येत नाहीत. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातील पॉइंट टू टू काडतुसात पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड चेपते, म्हणून ते काडतूस एकदाच उपयोगाचे. असे असले तरी हाताने भरलेल्या काडतुसाची तपासणी समजून घेण्यासारखी आहे; कारण कारखान्यात जे काम स्वयंचलित यंत्रांची रांग करते तेच येथे एक माणूस, एका टेबलावर, एकेक काडतूस हातात घेऊन करतो. त्यामुळे प्रत्येक गेज कोणता प्रश्न विचारते हे येथे अधिक स्पष्ट दिसते.

पहिला प्रश्न पुंगळीच्या खांद्याचा. झाडल्यावर पुंगळी फुगून चेंबरच्या आकाराची होते. ती पुन्हा मूळ आकाराला आणण्यासाठी पोलादी साच्यातून दाबून काढतात. साचा जास्त खाली उतरला तर खांदा प्रमाणाबाहेर मागे ढकलला जातो. मग रायफल निर्दोष असूनही काडतूसच आखूड पडल्यामुळे वर वर्णन केलेली फट निर्माण होते. हे पारखण्यासाठी पोलादाचा एक दंडगोल असतो. त्याच्या आत चेंबरच्या आकाराची पोकळी कोरलेली असते आणि दोन्ही तोंडांना प्रत्येकी एक उंच व एक खोल अशा दोन पायऱ्या असतात. पुंगळी तोंडाकडून आत सोडावयाची. बूड उंच पायरीच्या वर राहिले तर खांदा पुरेसा मागे आलेला नाही आणि बोल्ट बंद होण्यास अडेल. बूड खोल पायरीच्याही खाली गेले तर खांदा फार मागे गेला आहे. दोन पायऱ्यांच्या मध्ये ते असले पाहिजे. बोटाचे नख फिरवले तरी हा फरक कळतो. नेत्रहीन माणसालाही हे गेज वापरता येईल, हेच त्याचे वैशिष्ट्य.

दुसरा प्रश्न लांबीचा. प्रत्येक वेळी झाडल्यावर आणि साच्यातून काढल्यावर पितळ पुढे सरकते आणि पुंगळीची मान लांबते. ७.६२ काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे. तिच्या पलीकडे गेल्यास पुंगळीचे तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात रुतते आणि गोळीला आवळून धरते. गोळी सुटण्यास विलंब होतो आणि त्या क्षणार्धात दाब धोक्याच्या पातळीवर चढतो. वरील दंडगोलाच्या दुसऱ्या तोंडाच्या पायऱ्या हेच पाहतात. मान उंच पायरीबाहेर आली तर ती छाटावी लागते.

तिसरा प्रश्न प्रायमरचा. बुडातील खोबणीत बसवलेला प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली असावा. त्याने वर डोकावता कामा नये. डोकावणाऱ्या प्रायमरवर जोराने येणाऱ्या बोल्टचे मुख आदळले तर बोल्ट पूर्ण बंद होण्यापूर्वीच काडतूस पेटण्याची भीती असते. येथे गेज म्हणून एक सरळ पोलादी पट्टीही पुरते. बुडावर आडवी ठेवून ती डुलते की स्थिर राहते एवढे पाहावयाचे.

चौथा प्रश्न गोळी बसवल्यानंतरच्या संपूर्ण काडतुसाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या तिन्ही कसोट्यांना उतरलेले काडतूसही रायफलीत अडू शकते. गोळी किंचित तिरकी बसली असेल, मानेखाली पितळ चुरगळून बारीक फुगवटा आला असेल, किंवा गोळी जास्त बाहेर राहिली असेल. इंग्लंडमधील विल्यम टेलर या अभियंत्याने १९०५ साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. तो असा: ‘गो’ गेजने वस्तूचे सर्व आकारमान एकाच वेळी, पूर्ण लांबीभर पारखावे, ‘नो गो’ गेजने मात्र एका वेळी एकच माप पारखावे. यामागील तर्क सोपा आहे. एक वाकलेली दांडी घ्या. अरुंद कडी तिच्यावर ठिकठिकाणी सरकवून पाहिली तर ती सगळीकडून सुखरूप जाईल, कारण जाडी सर्वत्र बरोबर आहे. पण तीच दांडी लांब नळीत घालू गेल्यास अडेल. काडतुसाला शेवटी कडीत नव्हे, नळीतच जावयाचे असते. म्हणून शेवटचे गेज लहानात लहान चेंबरच्या मापाने कोरलेले असावे लागते. वरील दंडगोल बहुधा खांदा आणि लांबी यांपुरताच काटेकोर असतो; त्याची बाजूची पोकळी थोडी सैल ठेवलेली असते. त्यात काडतूस सहज उतरले म्हणून ते जाडीलाही बरोबर आहे असे समजणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. गेजला जो प्रश्न विचारलेलाच नाही त्याचे उत्तर ते देत नाही.

गेज वापरण्याची रीत

गेज जोर लावून वापरू नये, हा पहिला नियम. ‘गो’ गेजवर वस्तू आपल्या वजनानेच उतरली पाहिजे. अंगठ्याने दाबून बसवलेले काडतूस पास झाले असे म्हणता येत नाही. रायफलीच्या चेंबरमध्ये हेडस्पेसचे गेज घालतानाही बोल्ट दोन बोटांनी हळुवार फिरवावयाचा असतो, कारण बोल्टच्या आट्यांची ताकद एवढी असते की ती ‘नो गो’ गेजलाही चेपून आत बसवील आणि खोटा निर्णय मिळेल. दुसरा नियम स्वच्छतेचा. साच्यातून काढताना लावलेले वंगण पुंगळीवर राहिले, किंवा छाटलेल्या तोंडावर पितळेची कंगोरी राहिली, तर गेज काडतुसाऐवजी त्या कंगोऱ्यालाच पारखते. तिसरा नियम असा की, नापास काडतुसे तत्क्षणी निराळ्या डब्यात गेली पाहिजेत. ‘नंतर पाहू’ म्हणून टेबलाच्या कडेला ठेवलेले काडतूस संध्याकाळपर्यंत चांगल्या काडतुसांत मिसळते.

तापमानाचाही विचार करावा लागतो. मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानले जाते. मे महिन्यात भिलाईला किंवा वरणगावला पारा ४५ अंशांवर जातो. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रोमीटर वाढते. भिलाईत आता १३० मीटर लांबीचा सलग रूळ लाटला जातो. २५ अंशांच्या फरकाने तो ३७ मिलिमीटरांनी लांबतो. पितळ पोलादापेक्षा जास्त, सुमारे १९ मायक्रोमीटरांनी, प्रसरण पावते. तथापि ५१ मिलिमीटरांच्या पुंगळीत आणि तिच्या पोलादी गेजमध्ये यामुळे पडणारा फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच असतो, आणि दोन्ही एकाच खोलीत ठेवलेली असतील तर तो सहसा निर्णय बदलत नाही. पुंगळी साच्यातून नुकतीच निघून कोमट असताना किंवा उन्हात तापलेली असताना मात्र ती गेजमध्ये घालू नये.

गेजची पारख कोण करणार?

‘गो’ गेज रोज हजारो वस्तूंवरून घासते, म्हणून तेच आधी झिजते. ‘नो गो’ गेज बहुतेक वेळा वस्तूच्या आत शिरतच नाही, म्हणून ते दीर्घकाळ टिकते. झिजलेले ‘गो’ गेज मर्यादेबाहेरची वस्तूही पास करू लागते, आणि ते झिजले आहे हे डोळ्यांना कळत नाही. यासाठी नवे ‘गो’ गेज मुद्दामच मुभेच्या किंचित आत घडवतात, म्हणजे झिजण्यास थोडी जागा राहते. तसेच कामगाराच्या हातातील गेज निरीक्षकाच्या गेजपेक्षा थोडे अधिक कडक ठेवण्याची प्रथा आहे. कामगाराने पास केलेली वस्तू निरीक्षकाने नापास केली तर कारखान्यात भांडणे होतात आणि दोन्ही गेजवरचा विश्वास उडतो.

कामगाराच्या गेजची पारख मूळ गेजवर, मूळ गेजची पारख गेज-ठोकळ्यांवर, अशी ही साखळी वर चढत जाते. हे ठोकळेही बंदुकीच्या कारखान्यातूनच आले आहेत. स्वीडनमधील एस्किल्स्तुना येथील रायफल कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन हे शस्त्रनिरीक्षक होते. प्रत्येक मापासाठी स्वतंत्र गेज बाळगण्याऐवजी, एकमेकांवर ठेवून हजारो मापे जुळवता येतील असा १०२ ठोकळ्यांचा संच करावा, ही कल्पना त्यांना १८९६ साली सुचली. आज या साखळीचे भारतातील वरचे टोक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे, आणि तिच्याही वर आहे प्रकाशाच्या वेगावरून १९८३ साली केलेली मीटरची व्याख्या. एका काडतुसाच्या खांद्याबद्दल दिलेला ‘होय’ किंवा ‘नाही’ हा निवाडा अशा रीतीने निसर्गातील एका अचल राशीशी जोडलेला असतो.

गेज काय सांगत नाही

एवढे झाल्यावर गेजच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, कारण त्या न ओळखल्यास गेजच धोक्याचे कारण होऊ शकते. गेज केवळ बाहेरचा आकार पारखते. पुंगळीत दारू किती आहे, ती योग्य जातीची आहे की नाही, चुकून दुप्पट पडली आहे की मुळीच पडलेली नाही, याविषयी ते काहीही सांगू शकत नाही. बुडाजवळ आतून पातळ झालेले पितळ बाहेरून मापात असते. त्याची परीक्षा आतून वाकड्या तारेचे टोक फिरवून किंवा पुंगळी उभी चिरून पाहूनच होते. किती वेळा झाडल्याने पितळ कठीण आणि ठिसूळ झाले आहे हेही आकारावरून कळत नाही. सर्व गेजमधून पार पडलेले काडतूस चेंबरमध्ये बसेल, एवढीच हमी मिळते. ते सुरक्षित आहे ही हमी वेगळ्या तपासण्यांनी मिळवावी लागते. यासाठीच कारखान्यात गेजच्या पुढे दारूचे वजन, प्रायमरची परीक्षा आणि प्रत्येक खेपेतील नमुने प्रत्यक्ष झाडून दाब मोजणे, असे आणखी टप्पे असतात.

दुसरी मर्यादा गेजची नसून माणसाची आहे. गेजने ‘अडले’ म्हटले तरी हातातले काडतूस चकचकीत आणि सुबक दिसत असते. फरक असतो तो कागदाच्या पानाएवढा. दिवसभराचे श्रम त्यात गेलेले असतात, महाग पितळ खर्च झालेले असते, आणि ‘एवढ्याने काय होते’ असे वाटणे स्वाभाविक असते. रूळ लाटणाऱ्या गिरणीतही हाच मोह असतो. तेथे तर नापास म्हणून बाजूला काढावयाची वस्तू टनावारी वजनाची असते. मोजणाऱ्या उपकरणाशी हुज्जत घालता येते, आकडा पुन्हा वाचता येतो, थोडा अलीकडे-पलीकडे करता येतो. गेजशी हुज्जत घालता येत नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे. परंतु ते सामर्थ्य तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा ते हाती धरणारा ‘नाही’ हे उत्तर ‘नाही’ म्हणूनच स्वीकारतो आणि ती वस्तू, कितीही सुबक असली तरी, नापासांच्या डब्यात टाकतो.